परसातले झाड आणि सरकारी वखार



आपल्याकडील जुन्या घरांची रचना येथे जमलेल्यांपैकी पुष्कळांना आठवत असेल. पुढे अंगण, अंगणात तुळशीवृंदावन. मागे परस, परसात न्हाणी, आणि न्हाणीच्या पाण्यावर माजलेले अळू. त्या अळवाला कोणी मुद्दाम खत घातलेले नसे, की पाटाचे पाणी दिलेले नसे. आंघोळीचे पाणी, भांडी घासलेली राख, चुलीतला निखार, खरकटे आणि केर एवढ्यावर ते पोसले जाई. माणूस जे टाकून देतो त्यावर भरभराटणाऱ्या वनस्पतींची अशी एक जातच आहे. माणसाने गाव वसवला, की त्या त्याच्या मागोमाग येतात आणि उकिरड्याच्या कडेला मुक्काम करतात. अशाच एका झाडाची हकीकत मला आज आपणांस सांगावयाची आहे. फरक एवढाच, की अळवाच्या पानांच्या वड्या होतात. आणि या झाडाच्या पानांची भांग, फुलांचा गांजा आणि डिंकाचा चरस होतो.

विषय ऐकून काही श्रोत्यांच्या भुवया वर गेल्या असतील. तेव्हा प्रथमच सांगून टाकतो, की मी येथे व्यसनाची वकिली करावयास उभा नाही. आणि व्यसनमुक्तीचे कीर्तन करावयासही नाही. ते काम अधिकारी माणसांनी करावे. माझा प्रश्न इतिहासाचा आहे. आपल्या घरामागे, आपल्याच गोठ्यातल्या शेणखतावर एखाद्याने चार झाडे वाढवली, तर त्या चार झाडांपर्यंत राज्यसंस्थेचा हात पोचतो काय? पोचत असला तर तो केव्हा पोचला, कोणत्या हेतूने पोचला, आणि तो पोचविण्यापूर्वी राज्यकर्त्यांनी काही चौकशी केली होती काय? हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. त्याच्या पोटात कर आहे, धर्म आहे, वैद्यक आहे, आणि माणसाच्या उंबरठ्याची प्रतिष्ठाही आहे.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. या झाडात नर आणि मादी वेगळी असतात. नराचा पराग वाऱ्याबरोबर दूरवर जातो. मादीच्या फुलोऱ्यावर एक चिकट राळ सुटते, आणि सारी मादकता मुख्यतः त्या राळेत असते. परागाचा स्पर्श झाला की मादी बी धरू लागते. न झाला तर फुलोरा वाढत जातो आणि राळही वाढते. मादकता आणणारे त्यातील मुख्य द्रव्य १९६४ साली राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी या इस्रायली शास्त्रज्ञांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. परंतु कोणत्या झाडाला ठेवावे आणि कोणते उपटावे, हे शेतकऱ्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

दुसरी गोष्ट जमिनीची. निकोलाय वाविलोव्ह या थोर रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात मध्य आशियात आणि व्होल्गेच्या परिसरात रानटी भांग पाहिली. ती कोठे उगवलेली होती? भटक्या टोळ्यांचे तळ जेथे पडत, जेथे गुरे बसत आणि शेण साठे, नेमकी तेथे. त्यावरून त्याने असे अनुमान काढले, की या झाडाला माणसाने रानातून शोधून आणले असे म्हणण्यापेक्षा, ते झाडच माणसाच्या खतावर चालत आले, असे म्हणणे अधिक बरोबर. आपल्या हिमालयातही हेच दिसते. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरांत घराला लागून असलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या शेण पडून काळ्या झालेल्या तुकड्यांत भांगेचे पीक घेत. त्याच्या सालीचा वाख काढून दोर आणि पोती करीत, आणि बियांची चटणी तर तेथल्या घरोघरी आजही वाटली जाते. गढवालातल्या उच्चवर्णीयांना हे पीक लावणे कमीपणाचे वाटे. पण थंडीत अंगावर घ्यावयाच्या जाड्याभरड्या कापडाला आणि धान्याच्या पोत्याला त्याच झाडाचा वाख लागे. तात्पर्य असे, की हे झाड मुळात परसाचे आहे. सेंद्रिय माती हा शब्द आज नवा वाटतो. या झाडाला ती पहिल्या दिवसापासून हवी होती.

ते शेतातही होते. पाणिनीने आपल्या व्याकरणात, तीळ, उडीद, जवस इत्यादी पिके ज्या शेतात होतात त्या शेतांना काय म्हणावे याचा एक नियम दिला आहे, आणि त्या यादीत भंगाही आहे. भंगेच्या शेताला ‘भङ्ग्य’ किंवा ‘भाङ्गीन’ म्हणावे. वैयाकरण हा काही व्यसनी मनुष्य नव्हे. ज्या पिकाच्या शेताला लोकव्यवहारात स्वतंत्र शब्द होता, त्याचीच त्याने नोंद घेतली. पुढे १५६३ साली गोव्यात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने आपल्या औषधिसंवादात भांगेला एक प्रकरण दिले. गुजराथचा सुलतान बहादुरशाह याने एका पोर्तुगीज सरदाराला सांगितलेली गंमत त्यात आहे: रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, इराण अशा मुलखांची सफर करावीशी वाटली, की आपण थोडी भांग खातो, म्हणजे झाले! या साऱ्या काळात राजे होते, कर होते, दंड होते. पण परसातल्या झाडाकडे पाहावयास राजाचा शिपाई सहसा येत नसे. त्याला त्याचे कारणच नव्हते.

ते कारण इंग्रजी अमदानीत उत्पन्न झाले, आणि त्याचे नाव अबकारी. दारू, अफू आणि गांजा यांवर कर बसला, म्हणजे कर चुकवून पिकवलेला प्रत्येक तोळा हा सरकारचा तोटा ठरतो. परंतु कर घ्यावयाचा तर माल मोजता आला पाहिजे, आणि माल मोजावयाचा तर तो एके ठिकाणी यावयास हवा. या विचाराची पूर्ण वाढ जेथे झाली ते ठिकाण म्हणजे बंगालातले नवगाव. राजशाही, दिनाजपूर आणि बोग्रा या तीन जिल्ह्यांच्या सीमा जेथे मिळतात, तेथील मुलखाला ‘गांजा महाल’ असे नावच पडले होते. आज हा भाग बांगलादेशात आहे. हेमचंद्र कर या डेप्युटी कलेक्टराने १८७७ साली तेथील लागवडीवर व व्यापारावर सविस्तर अहवाल लिहिला, आणि कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानातील डेव्हिड प्रेन यांनी १८९३ साली दुसरा. हे दोन्ही अहवाल वाचताना आपण गुन्ह्याची नव्हे, एका अत्यंत कष्टाळू शेतीची हकीकत वाचीत आहोत असे वाटते.

जमीन उंचवट्याची, हलकी, वाळूमिश्रित. पाणी न साठणारी. एकाच शेतात दरसाल हे पीक घेत नसत, कारण जमीन थकते. शेताच्या कडेची आणि चरातली ताजी माती वर पसरायची, शेणखत घालायचे, आणि पुन्हा पुन्हा नांगरून जमीन लोण्यासारखी करायची. ऑगस्टात वाफ्यात बी टाकीत, सप्टेंबरात रोपे वरंब्यांवर लावीत. रोपे धरली, की सरीत शेण आणि पेंड यांची दुसरी मात्रा. मग नोव्हेंबरात एक विशेष मनुष्य शेतात येई. त्याला ‘पोद्दार’ म्हणत. इंग्रज अधिकारी त्याला गमतीने गांजाचा डॉक्टर म्हणत. फूल उमलण्यापूर्वीच झाड नर की मादी हे ओळखण्याची त्याची दृष्टी तयार झालेली असे. तो शेतातून फिरे आणि प्रत्येक नर झाड मोडीत जाई. मोठा मौजेचा भाग असा, की तेथील शेतकरी शास्त्रज्ञ ज्याला नर म्हणतात त्याला मादी म्हणत, आणि मादीला नर. कारण जे झाड धट्टेकट्टे ते पुरुष, अशी त्यांची समजूत. युरोपातल्या ताग-वाखाच्या शेतकऱ्यांनीही हीच चूक केली होती. नाव चुकले तरी काम चुकत नव्हते. जानेवारी-फेब्रुवारीत कापणी होई, आणि मग फुलोरा पायांनी तुडवून चपटा गांजा करीत, किंवा वळून गोल गांजा. गळालेला भाग तो चूर. तिन्हींवर कराचा दर वेगळा.

आणि हे सारे पीक शेवटी जाई कोठे? नवगावच्या सरकारी वखारीत. शेतकऱ्याला लागवडीचा परवाना, पिकाची पाहणी, वखारीत नेण्याचा दाखला. आणि कर भरल्यावाचून वखारीतून माल हलवावयाचा नाही. मध्यप्रांतात हीच व्यवस्था निमाड जिल्ह्यात खांडव्याच्या आसपास होती. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड मुख्यतः तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात होत असे. पण बंगालइतका कडेकोट बंदोबस्त येथे नव्हता. मद्रास इलाख्यात तर अनेक ठिकाणी लोक परसात दोनचार झाडे लावीत आणि गरजेपुरता पाला-फुलोरा घेत.

आता सरकारची अडचण आपल्या लक्षात येईल. शेत मोजता येते, वखारीला कुलूप लावता येते. परसाला कुलूप कोण लावणार? ज्याच्या घरी झाड आहे तो दुकानात येत नाही, आणि दुकानात न येणारा गिऱ्हाईक कर देत नाही. परसातल्या झाडाचे दुसरेही एक भांडण होते. मघाशी सांगितले, की पराग वाऱ्यावर जातो. कोणाच्या परसात एक नर झाड सुखाने फुलले, तर शेजारच्या शेतात पोद्दाराने केलेली सारी मेहनत वाया जाऊन फुलोऱ्यात बी भरावयाचे. म्हणजे मक्त्याची शेती आणि मोकळा परस ही दोन्ही एका गावात नांदणे कठीण. सरकारी वखार आणि घरातले झाड यांचे वैर येथून सुरू झाले. त्यात नीतीचा प्रश्न पुढे आला तो नंतर.

तो पुढे आणला तो इंग्लंडातून. विल्यम स्प्रॉस्टन केन हे मद्यनिषेधाच्या चळवळीतले पार्लमेंटचे सभासद. २ मार्च १८९३ रोजी त्यांनी हाऊस ऑफ कॉमन्समध्ये प्रश्न विचारला, आणि बंगालातील गांजाच्या लागवडीने व व्यापाराने लोकांच्या प्रकृतीवर आणि नीतीवर काय परिणाम होतो याच्या चौकशीची मागणी केली. भारतमंत्री लॉर्ड किंबर्ले यांनी ती मान्य केली, आणि चौकशी एकट्या बंगालापुरती न राहता साऱ्या हिंदुस्थानची करावी असे ठरले. त्या काळी हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांत गांजेकसांची गर्दी झाली आहे, असा बोभाटा विलायतेत होता. जुलै १८९३ मध्ये आयोग नेमला गेला. अध्यक्ष डब्ल्यू. मॅकवर्थ यंग, तीन इंग्रज सभासद, त्यांत एक रसायनशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉक्टर, आणि तीन हिंदी सभासद: ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनामसिंग आणि मुजफ्फरनगरचे लाला निहालचंद. आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या. वैद्य, डॉक्टर, कलेक्टर, शेतकरी, मक्तेदार, मिशनरी, सारे त्यांत होते. १८९४ साली बाहेर पडलेल्या अहवालाची आणि साक्षींची पृष्ठे तीन हजारांहून अधिक आहेत.

या साऱ्या पसाऱ्यातली एकच गोष्ट आपण लक्षात ठेवावी अशी माझी विनंती आहे. ती वेड्यांच्या इस्पितळांची. या इस्पितळांच्या दप्तरात प्रत्येक रुग्णापुढे वेडाच्या कारणाचा एक रकाना असे. १८९२ या एका सालात ब्रिटिश हिंदुस्थानातल्या इस्पितळांत १,३४४ रुग्ण दाखल झाले होते, आणि त्यांपैकी २२२ जणांपुढे गांजा-भांग हे कारण लिहिलेले होते. म्हणजे साधारण दर सहा रुग्णांत एक! आकडा धडधडीत छापील. त्यावर वर्षानुवर्षे अहवाल लिहिले गेले, व्याख्याने दिली गेली. आयोगाने मात्र एक साधे काम केले, जे तोवर कोणी केले नव्हते. त्याने विचारले, की हा रकाना भरतो कोण?

उत्तर असे निघाले, की पुष्कळदा तो रुग्णाला घेऊन येणारा पोलीस भरतो. रस्त्यावर सापडलेला, नातलग नसलेला, धड बोलू न शकणारा मनुष्य. त्याच्या वेडाचे कारण शिपायाला कसे कळावे? पण रकाना रिकामा ठेवता येत नाही. मनुष्य बैराग्यासारखा दिसला, किंवा कधी चिलीम ओढताना कोणी पाहिला होता एवढे कळले, की गांजा असे लिहून मोकळे व्हावे. इस्पितळाचा डॉक्टर तेच आपल्या वहीत उतरवी, आणि वहीतले वार्षिक अहवालात जाई. आयोगाने त्या २२२ प्रकरणांची एकेक करून फेरतपासणी केली. घरच्यांना विचारले, गावी चौकशी केली. शेवटी ज्यांच्या वेडाशी गांजा-भांगेचा संबंध असू शकेल असे म्हणता येईल, अशी ९८ प्रकरणे उरली. सारी खोटी ठरली नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. पण निम्म्याहून अधिक आकडा कागदावरच जन्मला होता.

या पायावर आयोगाने आपला निर्णय दिला. माफक सेवनाने शरीराची, मनाची वा नीतीची विशेष हानी होत असल्याचे दिसत नाही, अतिसेवनाने होते. संपूर्ण बंदी आवश्यक नाही आणि इष्टही नाही, कारण बैरागी-गोसाव्यांच्या व भाविकांच्या भावना दुखावतील, आणि बंदीमुळे लोक याहून घातक पदार्थांकडे वळतील. मग करावे काय? तर कर योग्य बसवावा, दुकानांवर नियंत्रण ठेवावे, परवान्यावाचून लागवड होऊ देऊ नये, आणि लागवड ठरावीक मुलखात एकत्र आणावी. रानोमाळ आपोआप उगवणाऱ्या झाडाचा नायनाट करणे शक्य नाही, हेही आयोगाने ओळखले. म्हणजे निकाल असा झाला: रानातले झाड देवाचे, शेतातले झाड परवान्याचे, आणि परसातले झाड कोणाचेच नव्हे.

येथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तीन हिंदी सभासदांपैकी दोघांनी, राजा शशिशेखरेश्वर राय आणि लाला निहालचंद यांनी, आपली भिन्नमतपत्रिका जोडली. गांजा आणि चरस यांच्या बाबतीत त्यांची भूमिका बहुमतापेक्षा कडक होती. ताहिरपूर हे राजशाही जिल्ह्यातच आहे, म्हणजे गांजा महालाच्या शेजारच्या घरातूनच हा विरोध आला होता. इंग्रज बहुमत उदार आणि हिंदी सभासद कडक, हे चित्र आपल्या नेहमीच्या समजुतींना धक्का देणारे आहे. मला वाटते, दोघांच्याही मागे सरळ कारणे होती. करावर राज्य चालविणाऱ्याला कराचे पीक जाळावेसे वाटत नाही. आणि ज्याच्या समाजातली मुले चिलमीपायी वाया जातात त्याला सरासरीचे आकडे ऐकून समाधान होत नाही. आयोगाची माणसे प्रामाणिक होती असे मी मानतो. परंतु त्यांच्या प्रामाणिकपणाचा निष्कर्ष आणि अबकारी खात्याची सोय ही दोन्ही एकाच दिशेला जात होती, हे विसरून चालणार नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. नवगावच्या गांजा शेतकऱ्यांनी १९१७ साली सहकारी संस्था काढली, आणि तिच्या नफ्यातून त्या भागात शाळा व दवाखाने उभे राहिले. आपल्याकडे साखरेच्या सहकारातून जे घडले त्याची ही अनपेक्षित बंगाली पूर्वज! १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला, आणि गांजा-भांगही त्याच्या कक्षेत आली. १९६१ साली अमली पदार्थांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. ज्या देशांत गांजाची चाल जुनी होती त्यांना ती मोडण्यास करार अमलात आल्यापासून पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. १९८५ साली भारताने अमली औषधे आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कायदा केला. १९८७ साली बांगलादेशाने नवगावची लागवड थांबविली, आणि शंभर वर्षांहून जुनी ती वखार निरुपयोगी झाली.

आपल्या १९८५ च्या कायद्यातली एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. त्यात गांजा म्हणजे फुलोरा. फुलोऱ्यावाचूनचे पान आणि बी त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून काही राज्यांत भांगेची परवान्याची दुकाने उघडपणे चालतात. परंतु झाड लावणे मात्र सरकारी परवानगीवाचून गुन्हा आहे, आणि त्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. म्हणजे पान निर्दोष, आणि पानाची आई गुन्हेगार! वाख किंवा बी यांसाठी लागवडीची परवानगी सरकार देऊ शकते, आणि उत्तराखंडाने २०१८ पासून कमी मादक जातींच्या बाबतीत ती देण्यास सुरुवात केली. गढवालातल्या त्या शेणाच्या काळ्या तुकड्याला पुन्हा एक कागद मिळाला. पण तो कागद धंद्याचा, परसाचा नव्हे.

इकडे हे चालले असता पश्चिमेकडे चक्र उलटे फिरू लागले. अमेरिकेतील अलास्का राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली असा निर्णय दिला, की प्रौढ मनुष्याने आपल्या घरात स्वतःपुरता गांजा बाळगणे हा त्याच्या घरगुती स्वातंत्र्याचा भाग आहे. त्याच दशकात कॅलिफोर्नियातले घरगुती शेतकरी नर झाडे काढून बिनबियांचा फुलोरा घेऊ लागले आणि त्याला स्पॅनिश नाव देऊन नवा शोध म्हणून मिरवू लागले. नवगावचा पोद्दार ते पाहून हसला असता. २०१३ साली उरुग्वेने कायदा करून घरामागे सहा झाडांपर्यंत मुभा दिली. पण नाव सरकारी वहीत नोंदवले पाहिजे आणि वर्षाचे उत्पन्न ४८० ग्रॅमच्या वर जाता कामा नये. २०१८ साली कॅनडाने घरटी चार झाडे मान्य केली. क्वेबेक प्रांताने मात्र घरगुती लागवड बंदच ठेवली, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली ती बंदी वैध ठरविली. दक्षिण आफ्रिकेच्या संविधान न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये प्रौढांना स्वतःच्या वापरापुरती खाजगी जागेत लागवड करू दिली. जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रत्येक प्रौढामागे तीन झाडे मान्य केली, पण ती मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था ठेवण्याच्या अटीवर. लक्षात घ्या, वखार गेली तरी मोजणी गेली नाही. पूर्वी शेताचे बिघे मोजत. आता कुंडीतली झाडे मोजतात.

या परदेशी घरमाळ्यांमध्ये आज ‘सजीव माती’चा मोठा बोलबाला आहे. रासायनिक खत नको. पालापाचोळा, शेण, गांडुळे आणि मातीतले सूक्ष्म जीव यांच्या जोरावर झाड वाढवावे, असा त्यांचा आग्रह. हा विचार जेथे शास्त्राला चढला ते ठिकाण आपल्याला परके नाही. होळकर संस्थानाने दिलेल्या जमिनीवर इंदूर येथे १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड हे संशोधन करीत होते. शेतातला काडीकचरा, गुरांचे शेण आणि मुतारीची माती थराथराने रचून, हवा व ओल सांभाळून त्याचे कसदार खत करण्याची इंदूर पद्धत त्यांनी सिद्ध केली. १९३१ साली त्यावर निघालेल्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या जोडीला नाव आहे ते यशवंत वाड यांचे. आमच्या शेतकऱ्याच्या उकिरड्याला त्या दोघांनी शास्त्राची बैठक दिली, आणि ती बैठक आज जगभरच्या परसांत पोचली आहे. तेथे तीवर टोमॅटोही पिकतो आणि गांजाही.

या झाडाचा मातीशी असलेला संबंध दुसऱ्याही अर्थाने शिकण्यासारखा आहे. ते जमिनीतून चांगले तसे वाईटही ओढून घेते. शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू मातीत असले तर ते झाडात येतात. म्हणूनच १९९० नंतरच्या दशकात चेर्नोबिलच्या दूषित भूमीवर माती स्वच्छ करण्याचे प्रयोग याच्या लागवडीने करून पाहिले गेले. तेव्हा सेंद्रिय म्हणजे आपोआप निर्मळ, अशी समजूत करून घेऊ नये. आणि झाड घरचे म्हणून निरुपद्रवी, अशीही करून घेऊ नये. पुढच्या संशोधनाने हे पुरेसे दाखविले आहे, की कोवळ्या वयात तीव्र गांजाचे नित्य सेवन करणाऱ्यांना मनोविकाराचा धोका अधिक असतो. आयोगाची ती उरलेली ९८ प्रकरणे आपल्याला हेच सांगत होती. ती नाकारणे हेही, त्या २२२ ना डोळे मिटून मानण्याइतकेच, अप्रामाणिकपणाचे होईल.

मग परसातल्या झाडाला मुभा असावी की नसावी? आपण मला हे विचाराल याची मला कल्पना आहे. इतिहासाचा अभ्यासक येथे निकाल देऊ लागला तर तो आपली पायरी सोडतो. पण साक्ष देणे हे त्याचे काम आहे, आणि माझी साक्ष अशी आहे. परसाचे दार राज्याने प्रथम बंद केले ते आपल्या तिजोरीसाठी. पुढे त्याच दारावर नीतीची पाटी लागली. आणि शेवटी त्यावर आंतरराष्ट्रीय कराराचे कुलूप बसले. या प्रत्येक पायरीवर कारणाचा एक रकाना होता, आणि तो कोणीतरी घाईने भरीत होते. फक्त एकदाच, १८९३-९४ साली, सात माणसांनी थांबून विचारले, की हे येथे कोणी लिहिले, आणि त्याला ते कसे कळले?

त्यांचे सगळे निष्कर्ष आपण मान्य करावेत असे नाही. मीही करीत नाही. परंतु माणसाच्या घरात शिरणारा कायदा करण्यापूर्वी, आणि एखाद्या तरुणाला दहा वर्षे तुरुंगात पाठविण्यापूर्वी किंवा एखाद्या घातक चालीला मोकळे रान देण्यापूर्वी, तो एक प्रश्न विचारण्याची सवय जर समाजाला लागली, तर त्या तीन हजार पृष्ठांचे श्रम कारणी लागले असे म्हणता येईल. उद्या या विषयावर वाद झालाच, आणि तो होईल, तर दोन्ही पक्षांच्या आकड्यांपुढचा रकाना आपण स्वतः वाचून पाहावा, एवढीच आपणांस विनंती आहे.